पेट्रोव्हचं लॉगबुक: अणुयुद्ध झालं नाही ते नक्की कुणामुळे?

शिफ्टवाला (रवि, रात्री १०.१४)

नमस्कार मंडळी. मी इथे बहुतेक वाचनमात्रच असतो, पण आज दुपारी जेवताना जावयाशी वाद झाला आणि तो काही डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसलो. जावयाचं म्हणणं एकदम सरळ, की अणुबॉम्ब आहे म्हणूनच १९४५ नंतर मोठे देश एकमेकांशी भिडले नाहीत, दोघांकडे बॉम्ब असला की कुणाचीच हिंमत होत नाही, विषय संपला. मुलगी पण त्याच्याच बाजूने. मी म्हटलं अरे बाबा हे तू वरच्या मजल्यावरचं सांगतोयस, खाली पॅनेलसमोर कोण बसलं होतं ते बघ की जरा. तर दोघं हसले आणि माझ्यापुढे आमरसाची वाटी सरकवली. म्हणजे गप्प बसा.

तर माझी पार्श्वभूमी अशी की मी तीस वर्षं इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये काढली, रायगड जिल्ह्यातल्या एका केमिकल कंपनीत, त्यातली निम्मी तरी नाईटला. कंट्रोल रूम, हूटर, लॉगबुक, पहाटे तीनचा चहा. त्यामुळे अणुबॉम्बचा इतिहास वाचताना मला ट्रूमन, स्टालिन, केनेडी यांच्यापेक्षा एका नाईट शिफ्टवाल्याचं अप्रूप जास्त. स्तानिस्लाव पेट्रोव्ह.

२६ सप्टेंबर १९८३, मध्यरात्र नुकतीच उलटलेली. मॉस्कोच्या दक्षिणेला सेर्पुखोव्ह-१५ म्हणून गुप्त ठिकाण, तिथल्या बंकरमध्ये पेट्रोव्ह ड्युटीवर. लेफ्टनंट कर्नल, वय ४४, पण मूळचा इंजिनियर. रोजचा शिफ्टवाला पण नव्हे, सिस्टिमचा हात सुटू नये म्हणून महिन्यातून एखाद-दोन शिफ्टा करायचा. आकाशात 'ओको' नावाचे उपग्रह, त्यांचं काम एकच, अमेरिकेतल्या मिसाइलच्या सायलोंकडे (जमिनीखालच्या विहिरींकडे) बघत बसणं. आणि अचानक हूटर. समोरच्या पडद्यावर लाल अक्षरं, एक मिसाइल सुटलं. मग दुसरं. मग तिसरं, चौथं, पाचवं. सिस्टिम म्हणते खात्री अगदी वरच्या दर्जाची.

आणि काळ कसला होता बघा. तीनच आठवडे आधी, १ सप्टेंबरला, रशियन फायटरने कोरियाचं प्रवासी विमान पाडलेलं, २६९ माणसं गेली. सोव्हिएत नेते आन्द्रोपोव्ह आजारी. अमेरिका युरोपात पर्शिंग मिसाइलं आणून ठेवायच्या तयारीत. म्हणजे 'ते आता हल्ला करणार' हे आधीच सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं, नेमका त्याच वेळी हूटर वाजला.

पेट्रोव्हने फोन उचलला आणि वर कळवलं, खोटा अलार्म आहे. पुरावा काय? काही नाही. त्याचा हिशोब असा, की युद्ध सुरू करणारा माणूस पाच मिसाइलं कशाला सोडेल, सोडायची तर शेकड्यांनी सोडेल. शिवाय सिस्टिम नवी, तिच्या खोड्या त्याला माहीत होत्या. आणि जमिनीवरच्या रडारवर काही दिसत नव्हतं, पण रडारला दिसायला वेळच लागतो, त्यामुळे तेही धड उत्तर नाही. नंतर त्याने मुलाखतीत कबूल केलंय की मला पन्नास टक्केच वाटत होतं. फोन ठेवून मग पंधरा-वीस मिनिटं नुसती वाट बघणं. ज्यांनी नाईटला अलार्म अ‍ॅक्नॉलेज करून मग पोटात गोळा घेऊन वाट बघितलीय त्यांना विचारा ती पंधरा मिनिटं काय असतात.

कारण काय निघालं तर उंचावरच्या ढगांवरून सूर्याचा प्रकाश परावर्तित होऊन उपग्रहाच्या डोळ्यात गेला. बास. ऊन.

आता माझा आवडता भाग. चौकशी झाली. साहेबांनी आधी शाबासकी दिली आणि मग विचारलं, लॉगबुक का भरलं नाही? (हे वाचून मी एकटाच हसलो, बायको बघायला आली काय झालं.) पेट्रोव्ह म्हणाला एका हातात फोन होता, दुसऱ्यात इंटरकॉम, तिसरा हात नव्हता. बक्षीस नाही, उलट ठपका. सिस्टिम करणाऱ्या मोठ्या लोकांची चूक होती, मग त्याला बक्षीस दिलं तर त्यांना शिक्षा द्यावी लागली असती, हे त्याचंच म्हणणं. कुठल्याही फॅक्टरीत असंच होतं हो. २०१७ च्या मे मध्ये तो गेला, जगाला सप्टेंबरात कळलं.

तर प्रश्न असा. त्या रात्री डिटरन्सने (म्हणजे जावयाची ती 'दोघांकडे बॉम्ब, म्हणून कुणाची हिंमत नाही' वाली थिअरी) वाचवलं का एका माणसाच्या शंकेखोर स्वभावाने? तुम्हाला काय वाटतं.

.

निवांत_नलू (रवि, रात्री १०.३१)

मस्त लिहिलंय काका. तिसरा हात नव्हता!! वाचतेय.

.

रोखठोक (रवि, रात्री १०.५२)

लेख छान पण निष्कर्ष गंडलाय. तुमचा जावई बरोबर आहे.

एक तर पेट्रोव्हच्या हातात बटण नव्हतं. तो फक्त वर कळवणार, निर्णय जनरल स्टाफ आणि नेतृत्वाचा. तो 'हल्ला' म्हणाला असता तरी वरच्यांनी रडारची वाट बघितली असती कदाचित. दुसरं म्हणजे त्याने जो विचार केला की 'पाचच मिसाइलं कोण सोडेल', तो विचारच मुळात डिटरन्सचा आहे! समोरच्याला माहितीये की आपण उलट मारू म्हणून तो पाच सोडणार नाही, सोडली तर सगळी सोडेल. म्हणजे काका, तुमचा हीरो जावयाच्याच थिअरीवर चालला होता.

आणि जरा बाकीचं जग बघा. युक्रेनकडे सोव्हिएत युनियन फुटल्यावर १९०० च्या आसपास लांब पल्ल्याची वॉरहेड (मिसाइलच्या टोकावरचे अणुबॉम्ब) उरली होती. १९९४ ला बुडापेस्टमध्ये कागद घेतला, सीमांचा मान राखू असं रशिया, अमेरिका, ब्रिटन तिघांनी लिहून दिलं, वॉरहेड देऊन टाकली. २०१४ ला क्रिमिया गेला, २०२२ ला काय झालं ते आपण रोज टीव्हीवर बघतोय. लिबियाच्या गद्दाफीने २००३ ला अणुकार्यक्रम सोडला, २०११ ला काय झालं त्याचं? उत्तर कोरियाने नाही सोडला, २००६ ला टेस्ट केली, आज किमला कोण हात लावतंय? ज्याच्याकडे आहे त्याला विचारतात, नाही त्याला बदडतात. कटू आहे पण असंच आहे.

.

अर्धी_विकेट (रवि, रात्री ११.०५)

रोखठोक, युक्रेनच्या वॉरहेडचे कोड मॉस्कोकडे होते, हे पण सांगा की. घरात तिजोरी आहे पण किल्ली सासऱ्याकडे, अशी गत.

.

रोखठोक (रवि, रात्री ११.०९)

किल्ली नसली तरी कुलूप फोडता येतं, वेळ होता, माणसं होती, कारखाने होते. सोडलं त्यांनी. असो.

.

दर्यावर्दी (सोम, पहाटे ४.२०)

जहाजावर आहे, नेट मिळेल तसं लिहितो, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

शिफ्टवाले काका तुमचा तो बंकरमधला तरी एसीत होता हो. माझ्या मते खरी नाईट शिफ्ट ती बी-५९ पाणबुडीची. रशियाने क्यूबात मिसाइलं आणून ठेवली त्यावरून झालेला पेच, २७ ऑक्टोबर १९६२. चार डिझेल पाणबुड्या उत्तरेकडच्या थंड समुद्रातून निघालेल्या, तिकडच्याच हवामानासाठी बांधलेल्या, आणि पाठवल्या कुठे तर कॅरिबियनमध्ये. आत ४५ अंश, इंजिनाजवळ त्याच्याही वर. मी इंजिनरूमवाला आहे, ४५ ला माणूस कसा होतो ते मला विचारा, साधा पाना हातातून पडला तरी समोरच्याची आई-बहीण काढावीशी वाटते, आणि आम्हाला वर जाऊन वारा खाता येतो. त्यांना वर येता येत नव्हतं कारण वर अमेरिकन नेव्ही घिरट्या घालतेय. बॅटरी संपत आलेली, हवा खराब, पाणी मोजून, माणसं चक्कर येऊन पडतायत, आणि मॉस्कोशी संपर्क नाही. वर युद्ध सुरू झालंय का नाही हे सुद्धा माहीत नाही!

त्यात अमेरिकन जहाजं छोटे स्फोटक गोळे टाकायला लागली, 'वर या' असा इशारा म्हणून. आतल्यांना काय वाटणार? पत्र्याच्या पिंपात बसलाय आणि बाहेरून कुणी घण मारतोय. आणि प्रत्येक पाणबुडीवर एकेक टॉर्पेडो अणुबॉम्बवाला, हे अमेरिकन लोकांना माहीतच नाही. कॅप्टन सावित्स्की भडकला, म्हणाला तयार करा तो, आपण मरू पण त्यांना बुडवू. त्याच बोटीवर ताफ्याचा चीफ ऑफ स्टाफ होता, वासिली आर्खिपोव्ह. त्याने कॅप्टनला थंड केलं, समजावलं आणि पाणबुडी वर आणली. हा आर्खिपोव्ह वर्षभर आधी के-१९ वर होता, जिची अणुभट्टी समुद्रात बिघडली होती, सोबतची माणसं किरणोत्साराने मेलेली त्याने बघितलेली. त्यामुळे अणू म्हणजे काय ते पुस्तकातून कळलेलं नव्हतं त्याला.

इथे कुठला डिटरन्स रोखठोक? खाली बसलेल्यांना वरचं काही माहीत नाही, वरच्यांना खालचं काही माहीत नाही.

.

बखरकार (सोम, सकाळी ८.४०)

दर्यावर्दी, प्रतिसाद झकास. एक सावधगिरीची सूचना फक्त. बी-५९ ची जी गोष्ट सगळीकडे फिरते ती मुख्यतः वादिम ऑर्लोव्ह या एकाच अधिकाऱ्याच्या आठवणीवर उभी आहे, आणि ती चाळीस वर्षांनी, २००२ मध्ये बाहेर आली. दुसऱ्या हकिकतीत प्रसंग पाण्याखाली नाही तर वर आल्यावर घडतो, विमानाने झगझगीत दिवे टाकले, बंदुका झाडल्या, सावित्स्कीला वाटलं हल्ला झाला, आणि आर्खिपोव्हच्या लक्षात आलं की समोरचं जहाज दिव्याने दिलगिरीचा सिग्नल देतंय. 'तिघांचं मतदान झालं, दोन विरुद्ध एक' वगैरे फिल्मी भाग तर सोडूनच द्या. पण माणूस शांत राहिला आणि बाकीचे राहिले, एवढं दोन्हीकडे सारखं आहे.

आणि त्या एकाच शनिवारी काय काय झालं ते बघा. क्यूबावर अमेरिकेचं हेरगिरीचं यू-२ विमान पाडलं, मेजर अँडरसन ठार. दुसरं एक यू-२ उत्तर ध्रुवाकडून येताना वाट चुकून सोव्हिएत हद्दीत घुसलं, त्याला गाठायला मिग उठले. आणि क्यूबामध्ये मोठ्या मिसाइलांबरोबरच रणांगणावर वापरायची छोटी अण्वस्त्रं आधीच पोचलेली होती, हे वॉशिंग्टनला ठाऊक नव्हतं. मॅक्नमारा तेव्हाचे संरक्षणमंत्री, त्यांना हे १९९२ साली हवानाच्या परिषदेत कळलं. तीस वर्षांनी! तेव्हा त्यांचे जनरल क्यूबावर फौज उतरवा म्हणून मागे लागले होते. उतरवली असती तर किनाऱ्यावर अणुबॉम्बच भेटला असता.

शेवटी सुटलं कसं तर गुपचूप सौद्याने. क्यूबातली रशियन मिसाइलं काढा, आम्ही तुर्कस्तानातली ज्युपिटर काढतो, पण बोलायचं नाही. जगाला सांगितलं केनेडी खंबीर राहिले. पुढच्या पिढीने 'खंबीर राहिलं की समोरचा नमतो' हाच धडा घेतला, कारण देवाणघेवाण झाली हे माहीतच नव्हतं.

अवांतर: आपल्याकडे २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला तो याच गदारोळात. जगाचे डोळे क्यूबाकडे आणि इकडे आपले जवान सुती कपड्यात बर्फात. नोव्हेंबरात यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री' ते तेव्हाचंच.

.

निवांत_नलू (सोम, सकाळी ९.०२)

पण मग फोन करून बोलत का नव्हते? हॉटलाइन होती ना, तो लाल फोन?

.

बखरकार (सोम, सकाळी ९.३०)

हॉटलाइन नंतरची. १९६२ मध्ये काहीच नव्हतं. २६ तारखेचं सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्हचं लांबलचक पत्र वॉशिंग्टनला पूर्ण पोचून, भाषांतर होऊन हातात पडायला बारा तासांच्या आसपास लागले. दोब्रिनिन तेव्हा वॉशिंग्टनमध्ये सोव्हिएत राजदूत, त्यांनी आठवणीत लिहिलंय की दूतावासाची सांकेतिक तार न्यायला तार कंपनीचा एक पोरगा सायकलवरून यायचा, आणि हा वाटेत एखाद्या मुलीशी बोलत थांबू नये एवढीच आम्ही प्रार्थना करायचो. जगाचं भवितव्य सायकलच्या कॅरियरवर. २८ ला मिसाइलं काढतो हे उत्तर ख्रुश्चेव्हने शेवटी सरळ मॉस्को रेडिओवरून वाचायला लावलं, तेच फास्ट म्हणून.

१९६३ च्या ऑगस्टमध्ये हॉटलाइन सुरू झाली, पण ती टेलिप्रिंटर होती. फोन नाही आणि लाल तर अजिबात नाही.

.

वऱ्हाडी_ठेचा (सोम, दुपारी १.१५)

तुम्ही लोक अलार्मचं सांगून राहिले, इथं तर बॉम्बच पडले न भाऊ खाली. २४ जानेवारी १९६१, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना, गोल्ड्सबोरो गाव. बी-५२ विमान हवेतच मोडलं आन् त्यातले दोन हायड्रोजन बॉम्ब खाली. एकाचं पॅराशूट झाडाले अडकलं, बॉम्ब आपला उभा, टोक मातीत. दुसरा धाडकन चिखलात घुसला. ज्याचं पॅराशूट उघडलं त्याच्या स्फोटाच्या पायऱ्या एकामागून एक होत गेल्या आन् शेवटी एक साधा स्विच राहिला होता, तेवढा चालू झाला नाही म्हणून ते गाव राह्यलं. हिरोशिमाच्या दोनशेपटीच्या वरचा बॉम्ब होता तो. चिखलात गेलेल्याचा एक भाग आजवर निघाला नाही, सरकारनं त्या जागेचा हक्क घेऊन टाकला, खोल खणायचं नाही म्हणे. आमच्याकडं शेतात बोअर मारायला दहा परवानग्या, त्याइच्याकडं कारण तरी मजबूत!

आन् स्पेनमध्ये पालोमारेस, १७ जानेवारी १९६६. हवेत पेट्रोल भरता भरता दोन विमानं धडकली, चार बॉम्ब खाली. तीन जमिनीवर, त्यातले दोन फुटले, म्हणजे अणुस्फोट नाही, आतला साधा दारूगोळा फुटला पण प्लुटोनियम टमाट्याच्या शेतात पसरलं. चौथा समुद्रात. सगळी अमेरिकन नेव्ही ऐंशी दिवस शोधत होती आन् जागा कोणी सांगितली तर एका मच्छीमारानं, त्यानं पडताना बघितलं होतं. मंग लोकाइची भीती जावी म्हणून अमेरिकेचा राजदूत आन् स्पेनचा मंत्री चड्डीवर समुद्रात पोहून दाखवून आले. फोटो आहेत, बघा.

.

शिफ्टवाला (सोम, रात्री ९.४५)

सगळ्यांना धन्यवाद, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. जावयाला लिंक पाठवली आहे.

रोखठोक, तुमचा मुद्दा डोक्याला लागला. पेट्रोव्ह डिटरन्सच्याच हिशोबाने वागला हे मान्य, मी तसा विचार केला नव्हता. पण मग माझा प्रश्न असा आहे की थिअरी सांगते दोन्ही बाजू शहाण्यासारखं वागतील. आणि थिअरीत हूटर नसतो. ९ नोव्हेंबर १९७९ ला अमेरिकेच्या नोराडमध्ये (हल्ल्याची आधी सूचना देणारं केंद्र) सरावासाठी बनवलेला हल्ल्याचा डेटा चुकून खऱ्या सिस्टिमवर गेला, फायटर उडाली, मिनिटमन मिसाइलांच्या क्रूंना सावध केलं. कुणीतरी टेप चुकीची लावली असं तेव्हा सांगितलं. पुढच्याच जूनमध्ये परत खोटे अलार्म, पडद्यावर कधी २ कधी २२०० मिसाइलं, आणि कारण ४६ सेंटची एक चिप! आमच्याकडे कार्ड गेलं की आम्ही काढून, संपर्काचे पाय खोडरबरने घासून परत लावायचो, निम्म्या वेळा चालायचं. तसलाच प्रकार.

१९८६ च्या सुमाराला जगात सत्तर हजार वॉरहेड होती, आता बाराएक हजार. आकडा कमी झाला म्हणजे हूटर कमी झाले असं काही नाही.

.

अर्धी_विकेट (सोम, रात्री १०.१०)

जावयाचा आयडी कोणता आहे ते सांगा म्हणजे आम्ही पण सावध राहू.

.

किटाक्यूशूकर (मंगळ, सकाळी ६.०५)

मी जपानमध्ये नोकरीला आहे, आयडीवरून कळलं असेलच कुठे. माझ्या ऑफिसपासून थोड्या अंतरावर कोकुरा. ९ ऑगस्ट १९४५ ला दुसरा बॉम्ब नागासाकीवर पडायचाच नव्हता, कोकुरावर पडायचा होता, तिथे मोठं शस्त्रागार होतं. विमानाने तीन घिरट्या घातल्या, खाली धूर आणि धुकटासारखं, लक्ष्य दिसेना, इंधन कमी होत चाललेलं, मग नागासाकीकडे वळले. तिकडेही ढग होतेच. आज शस्त्रागाराच्या जागी बाग आहे, म्हातारी माणसं सकाळी फिरायला येतात, मी पण जातो. 'कोकुराचं नशीब' असा शब्दप्रयोग आहे, म्हणजे आपल्याला कळलंही नाही आणि आपण वाचलो.

हिरोशिमाला दोनदा गेलोय. म्युझियममध्ये बँकेच्या दगडी पायऱ्यांचा तुकडा ठेवलाय, कुणीतरी सकाळी सव्वाआठला बँक उघडायची वाट बघत बसलेलं, बाकी दगड उजळून पांढरा झाला आणि तो बसला होता तेवढी जागा काळपट राहिली. मी त्यासमोर जास्त वेळ उभा नाही राहू शकलो. बाहेर येऊन ट्राम पकडली. बॉम्बनंतर तिसऱ्याच दिवशी तिथे एका टप्प्यावर ट्राम परत सुरू झाली होती आणि त्या वेळच्या एकदोन गाड्या अजून चालतात.

त्या बॉम्बमध्ये साधारण ६४ किलो युरेनियम होतं आणि त्यातलं फुटलं ते एक किलोपेक्षाही कमी. वर्षअखेरपर्यंत १,४०,००० च्या आसपास माणसं.

डिटरन्सच्या वादात मला पडायचं नाही. इथे हा वाद कुणी जेवताना घालत नाही.

.

निवांत_नलू (मंगळ, सकाळी ७.३०)

_/\_

.

अणुशक्तीनगरची_पोर (मंगळ, दुपारी ३.५०)

आयडीवरून ओळख पटलीच असेल. बाबा भाभा अणुसंशोधन केंद्रात, आम्ही कॉलनीत वाढलो, समोर टेकडी, मागे खाडी. घरात बाबांच्या कामाबद्दल बोलायचं नाही हा नियम कुणी सांगितलेला नव्हता पण होता. शेजारचे काका काय करतात हे त्यांच्या बायकोलाही माहीत नसायचं आणि सगळ्या बायकांचं यावरून जमायचं पण छान.

मे १९९८. बाबा 'कॉन्फरन्सला जातोय' म्हणून गेलेले, पंधराएक दिवस पत्ता नाही. ११ तारखेला बुद्धपौर्णिमा, संध्याकाळी वाजपेयी टीव्हीवर आले आणि चार वाक्यांत सांगून मोकळे झाले, दुपारी पावणेचारला पोखरणला तीन चाचण्या केल्या. आई स्वयंपाकघरातून हातात पोळीचं लाटणं घेऊन बाहेर आली आणि काहीच बोलली नाही. आठवड्याने बाबा आले तर नाकाची सालं निघालेली, मान काळी. आई एवढंच म्हणाली, कुठल्या कॉन्फरन्सला उन्हात बसवतात हो? बाबा हसले फक्त. नंतर पेपरात आलं की शास्त्रज्ञ मंडळी लष्करी कपड्यात वावरत होती, कलामांना मेजर जनरल पृथ्वीराज नाव दिलेलं, चिदंबरम नटराज. आणि १ मेच्या पहाटे, महाराष्ट्र दिनाच्या, आमच्या कॉलनीजवळूनच चार ट्रक निघून विमानतळावर गेले, तिथून लष्करी विमानाने जेसलमेर. आम्ही तेव्हा गाढ झोपेत. सकाळी कॉलनीत झेंडावंदनाला पेढे वाटले होते ते मात्र आठवतं.

आणि एक गोष्ट जी बाबा नेहमी सांगायचे (हे सांगायला त्यांना बंदी नव्हती), की १९५४ ला बिकिनी बेटावर अमेरिकेने हायड्रोजन बॉम्ब उडवला, ६ मेगाटनचा अंदाज होता आणि निघाला १५ चा. जपानी मासेमारी बोटीवर राख पडली, २३ खलाशी आजारी पडले, त्यांचा रेडिओ ऑपरेटर सप्टेंबरात गेला. त्यावर नेहरूंनी लोकसभेत सांगितलं की निदान चाचण्या तरी थांबवा. पुढे वीस वर्षांनी, १८ मे १९७४ ला आपणच पोखरणला केली. बाबांना दोन्हीचा अभिमान होता आणि यात त्यांना काही विसंगत वाटायचं नाही. मला वाटतं. पण कॉलनीत वाढलेल्या माणसाने किती वाटून घ्यायचं.

.

रोखठोक (मंगळ, सायं. ५.२०)

ताई, प्रतिसाद फार आवडला. दोन्हीचा अभिमान असण्यात विसंगती नाहीच. आपण जगाला म्हणत होतो सगळेच सोडा. कुणी सोडलं नाही, १९६४ ला चीनने टेस्ट केली, १९६८ च्या एनपीटीने (अण्वस्त्र प्रसारबंदी करार) 'ज्यांनी १९६७ आधी फोडले ते मालक, बाकीचे भाडेकरू' करून टाकलं, मग आपण काय करायचं होतं? १९९६ ला जिनिव्हात आपल्या राजदूत अरुंधती घोष यांनी सीटीबीटीला (अणुचाचणी बंदी करार) ठाम नकार दिला तेव्हा सगळं जग एका बाजूला होतं.

.

पायवाट (मंगळ, सायं. ६.१२)

रोखठोक यांच्याशी बराचसा सहमत, पण 'दोघांकडे बॉम्ब असला की लढाई होत नाही' हे खरं नाही. १९६९ ला रशिया आणि चीन उसुरी नदीतल्या एका बेटावरून भिडले, दोघांकडे बॉम्ब. आणि कारगिल? आपलं पोखरण आणि पाकिस्तानची चगाईची चाचणी, त्यानंतर एक वर्ष. आपले ५२७ गेले. आमच्या तालुक्यातला एक होता, एसटी स्टँडसमोर कमान आहे त्याच्या नावाची. उलट तिकडच्यांना वाटलं असेल की आता बॉम्ब आहे म्हणजे भारत मोठं युद्ध करणार नाही, तेवढ्यात शिखरं घेऊन टाकू.

.

रोखठोक (मंगळ, सायं. ६.३०)

आणि तरी एलओसी ओलांडायची नाही असा आपल्या विमानांना आदेश होता, लढाई दोन-अडीच महिन्यांत आणि एका पट्ट्यात संपली. बॉम्ब नसता तर लाहोरपर्यंत गेली असती. यालाच मी डिटरन्स म्हणतो. ५२७ चं दुःख मला पण आहे.

.

दर्यावर्दी (बुध, पहाटे ३.५५)

सगळे रशिया-अमेरिका करताय, आपल्या घरचं विसरले काय. ९ मार्च २०२२, संध्याकाळी. आपलं ब्रह्मोस मिसाइल 'मेन्टेनन्स चालू असताना' चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ जाऊन पडलं. आवाजाच्या जवळपास तिप्पट वेग, त्यांच्या हद्दीत सव्वाशे किलोमीटर आत, पावणेचार मिनिटांत. वॉरहेड नव्हतं, कुणाला लागलं नाही, एक भिंत वगैरे पडली. मार्गात प्रवासी विमानं उडत होती. आपण अधिकृत काही बोललो ते ११ तारखेला, दोन दिवसांनी. ऑगस्टमध्ये हवाई दलाचे तीन अधिकारी बडतर्फ.

२००५ चा करार आहे दोघांत की चाचणी करायची असली तर आधी कळवायचं, पण तो बॅलिस्टिक मिसाइलांपुरता, ब्रह्मोस क्रूझ, त्यात बसतच नाही. दरवर्षी १ जानेवारीला अणुठिकाणांच्या याद्या मात्र न चुकता एकमेकांना देतो, १९९२ पासून, युद्ध असो नसो.

आता विचार करा, त्या संध्याकाळी पाकिस्तानच्या रडारसमोर कोण बसला होता? त्याने पडद्यावर ठिपका येताना बघितला, त्याचं नाव कुणालाच माहीत नाही. मॉस्कोला निदान अर्धा तास होता. यांना हातात मिनिटंच.

.

वऱ्हाडी_ठेचा (बुध, सकाळी १०.००)

त्यानं लॉगबुक भरलं असन काय?

.

रोखठोक (बुध, दुपारी १२.४०)

ब्रह्मोसचा मुद्दा मान्य. तिथे नशीब होतं.

शिफ्टवाले काका, पण तुम्ही एक प्रश्न टाळताय. शंकेखोर माणूस चांगला असं तुम्ही म्हणता. समजा पेट्रोव्हच्या रात्री खरंच पाच मिसाइलं निघाली असती, आणि तो म्हणाला असता 'खोटा अलार्म', मग? तुमच्या कंट्रोल रूममध्ये असं झालं नाही कधी?

.

शिफ्टवाला (बुध, रात्री ११.२०)

नाही टाळत. लिहावं की नाही ते ठरत नव्हतं.

पहिल्यांदा झालं तेव्हा मी पस्तिशीचा. रात्री अडीचला एका शेडचा गॅस डिटेक्टर ओरडायला लागला, एकच, शेजारचे दोन गप्प. मी म्हटलं गळती असती तर वाऱ्याच्या दिशेचा दुसरा तरी बोलला असता, प्लांट बंद केला नाही, माणूस पाठवला. डिटेक्टरच्या जंक्शन बॉक्समध्ये पाल शिरून भाजून निघाली होती. सकाळी मॅनेजरने पाठ थोपटली, प्लांट बंद केला असता तर आठ तासांचं प्रॉडक्शन गेलं असतं. लॉगबुकात मी 'पाल' असं लिहिलं होतं, ते वाचून वर्षभर सगळे मला पालवाले म्हणायचे.

दुसऱ्यांदा सहा-सात वर्षांनी. तीच शेड, तोच डिटेक्टर, एकटाच ओरडतोय. मी खुर्चीतूनच म्हणालो, पाल असेल, जा रे बघून ये. पोरगा गेला, पंधरा मिनिटं झाली तरी आला नाही म्हणून मी दारात गेलो तर तो शेडच्या बाहेर गुडघ्यावर बसून ओकत होता आणि वास माझ्यापर्यंत आला. वारा त्या रात्री उलटा होता. वाचला तो, आता मुलाचं लग्न झालं त्याच्या, पत्रिका आली होती. मी त्या रात्रीचं लॉगबुक पूर्ण भरलं, अक्षर चांगलं काढून.